ऐंशी डाव्या बाह्या

दर सोमवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी, बाई दहा मिनिटं बोलायच्या. दहा म्हणायला, घड्याळ कुणी बघायचं नाही. आणि बोलणं असं, की ऐकणारीची पाठ आपोआप ताठ व्हायची. नवऱ्याशी भांडून आलेली, पोराच्या तापापायी जागलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली, सगळ्या जणी डोळे पुसून मशीनवर बसायच्या आणि दुपारपर्यंत मान वर करायच्या नाहीत. खोटं कशाला बोला, बाईंच्या जिभेत जादू होती. तीन ओळींत मांडलेल्या एकवीस मशीनचं हे शिवणघर त्यांनी एकटीनं उभं केलं होतं, आणि ज्यांना कुणी दारातही उभं करत नव्हतं अशा कितीतरी जणींना तिथं खुर्ची दिली होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंवर अन्याय केला.

बाईंच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास यायची, ती उसवणीची. उसवणी म्हणजे पहिल्या ओळीत खिडकीशी बसणारी. एकोणीस वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. पहिलं वर्षभर ती शिवायची कमी आणि उसवायची जास्त, म्हणून हे नाव पडलं, आणि पडलं ते चिकटलंच. आता तिच्या हातच्या कॉलरीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. पाहुणे आले की बाई तिला खांद्याला धरून उभी करायच्या, सुईदोऱ्यापासून सगळी कथा सांगायच्या, पाहुणे टाळ्या वाजवायचे. पहिली काही वर्षं उसवणीला त्या टाळ्यांनी रडू फुटायचं. पुढं नुसतं हसू यायचं. अलीकडे टाळ्या चालू असताना ती मनात हिशेब करायची की बॉबिनमध्ये दोरा किती उरलाय.

शिवणघराच्या मागं एक खोली होती, कापायची खोली. तिला काचेचं दार, दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली काळ्या गोफात ओवून बाईंच्या गळ्यात. कापड बेतायचं आणि कापायचं काम फक्त बाई करायच्या. सकाळी बायका यायच्या आत त्या टेबलावर कापड अंथरून, खडूनं आखून तयार असायच्या. बायकांना काचेतून दिसायची ती नुसती चालणारी कात्री. मग आतून गठ्ठे बाहेर यायचे. कॉलरीचा गठ्ठा कॉलरवालीकडे, बाह्यांचा बाहीवालीकडे. ज्या कोटाची कॉलर उसवणीनं केली तो कोट अख्खा कसा जन्माला येतो, हे तिला एकोणीस वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. जिला कापता येतं ती कुठंही एक टेबल टाकून उभी राहू शकते. जिला नुसती कॉलर येते ती जन्मभर दुसऱ्याच्या खुर्चीवर बसते, आणि तेसुद्धा डोळे साथ देतील तोवरच.

डोळ्यांचंच घोडं अडलं होतं. उसवणीनं पंचेचाळिशी ओलांडली आणि पांढऱ्यावर पांढरा टाका दिसेनासा झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर तिसऱ्यांदा बदलला आणि सरळ सांगून टाकलं की जवळचं बारीक काम फार तर दोन वर्षं, त्यापुढं मी काही बोलत नाही. लांबचं मात्र उत्तम दिसत होतं. हातभर लांबीची रेघ, खडूची जाड खूण, टेबलावर पसरलेलं कापड, हे सगळं तिला लख्ख दिसायचं. म्हणजे कॉलर सुटणार होती, पण कापणं जमणार होतं. ते मिळालं नाही तर काय होतं, हेही तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्याशेजारी बसणारी थोरली, बाईंच्या अगदी पहिल्या दिवसापासूनची. गेल्या वर्षी थोरलीची नजर गेली. बाईंनी निरोपाचा कार्यक्रम केला, फुलं दिली, आणि असं काही बोलल्या की एकवीस जणी हुंदके देत होत्या. थोरली स्वतः सगळ्यांत जास्त. पुढच्या सोमवारी थोरली घरी भिंतीकडे तोंड करून बसलेली होती, आणि तिच्या खुर्चीवर दुसरी कुणी. त्या हुंदक्यांचं थोरलीनं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा उसवणीनं ठरवलं की मागायचं. पण एकोणीस वर्षं ऐकायची सवय; मागायची जीभ कुठून आणणार? ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं तिनं आधी हवापाण्याचं बोलून घेतलं, आणि मग कसंबसं म्हणाली की बाई, मला कापायला शिकवा. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या की तुझ्यात काय नाही ते मला सांग, तू मनात आणलंस तर डोंगर हलवशील, स्वतःला कमी समजणं आधी सोड. अर्धा तास बोलल्या. उसवणी तिथून निघाली ती हवेत तरंगतच. बस कधी आली, कधी उतरली, पत्ता नाही. घरी जाऊन नवऱ्याला आणि सासूला सगळं रंगवून सांगितलं. नवरा पाण्याचे मीटर वाचायचा, आकड्यांचा माणूस. तो मान हलवत ऐकत होता. सासूबाई पलंगावर बसून मोजे रफू करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग किल्ली कुठाय?"

 मागितली होती किल्ली, मिळाली होती मिठी, आणि उसवणीच्या ते लक्षातच आलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या की हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलंय तुला, बस आता तिथंच पाय हलवत. त्यानंतर उसवणीनं आणखी दोनदा मागून पाहिलं. दोन्ही वेळा भरल्या डोळ्यांनी आणि रिकाम्या हातांनी परत आली. त्या शेवटच्या वेळी मात्र तिला राग आला, आणि राग आला म्हणून बरंही वाटलं.

मग एक दिवस बाई एका सभेतून बोलून उतरताना पायऱ्यांवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हात गळ्यात. नेमकं त्याच आठवड्यात एका दवाखान्यासाठी चाळीस पांढरे कोट करायचं काम आलेलं, कापडाचा तागा येऊन पडलेला, आणि हातात दोन आठवडे. बाईंनी सोमवारी जाहीर केलं की काळजीचं कारण नाही, बाहेरून एक कापणारे मास्टर येत आहेत, पुढच्या गुरुवारपासून, कायमचेच. आता माझंही वय झालं. बायकांनी माना डोलावल्या. उसवणीनं मनात पुढचा हिशेब मांडला. बाहेरचा गडी एकदा त्या टेबलाशी उभा राहिला की ते दार तिच्यापुरतं बंद झालं, आणि दोन वर्षांनी फुलं आणि भाषण. हे तिला भिंतीवर लिहिल्यासारखं दिसत होतं.

त्या दिवशी दोन पाहुण्या आल्या होत्या. शिवणघराला मशीन भेट देणाऱ्या कुठल्याशा मंडळाच्या. बाईंनी मोडक्या हातानिशी त्यांना सगळं फिरवून दाखवलं, आणि उसवणीपाशी येऊन थांबल्या. सुईदोऱ्याची कथा झाली. मग बाई म्हणाल्या की हिच्याकडे बघून बाकीच्यांना बळ येतं, आज ही बाई ठरवेल ते करू शकते, हिला अशक्य असं काही नाही.

टाळ्या वाजायच्या आत उसवणी उभी राहिली. 

"बाई, मग मला कापायच्या खोलीची किल्ली द्या. चाळीस कोट मी कापते."

 बाई हसल्या. म्हणाल्या की बघा, कसा आत्मविश्वास आहे. उसवणी म्हणाली, आत्मविश्वास पुष्कळ आहे बाई, एकोणीस वर्षांचा साठलाय, कात्री तेवढी नाही. धाकट्या पाहुणीला हसू फुटलं. थोरल्या पाहुणीनं बाईंकडे पाहिलं, म्हणजे आता काय, अशा नजरेनं. बाईंचा हात दगडाखाली सापडला होता. आत्ताच म्हणून बसल्या होत्या की हिला अशक्य काही नाही. त्यांनी डाव्या हातानं गळ्यातला गोफ काढला आणि हसत हसत, जरा जास्तच गोड हसत, उसवणीच्या हातात किल्ली ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, हिला येत होतं का कापायला? तर ऐका. वर्षभर जिनं उसवण्यात काढलं तिला कपड्याचं पोट जेवढं कळतं तेवढं शिवणाऱ्या दहा जणींना कळत नाही. टाका काढला की कापड परत सपाट होतं, आणि त्याचा खरा आकार दिसतो. पुढचा भाग कुठं खोल, मागचा कुठं उथळ, खांदा किती उतरता, हे तिला पाठ होतं. पुठ्ठ्याचे साचे तर खोलीत खिळ्याला लटकत होतेच. तिनं मंगळवारी सकाळी दार उघडलं, खिडक्या उघडल्या, कापडाचे पाच पाच थर एकावर एक अंथरले, सगळ्यांची सुलट बाजू वर, साचे ठेवले, खडूनं आखलं आणि कात्री घातली. पहिल्या फटक्याला कात्री रेघेच्या केसभर बाहेर गेली. दुसऱ्याला नाही. पाठी झाल्या, पुढचे भाग झाले, डावं-उजवं नीट बघून, कारण एका बाजूला बटण येतं आणि दुसरीला काज. मग बाह्या. बाहीचा साचा ठेवला, आखला, शेजारी पुन्हा ठेवला, आखला, कापला. अशा आठ थप्प्या. खिसे, कॉलरी, पाठीवरचे पट्टे यांचं कापड तिनं नंतरसाठी बाजूला ठेवलं. बुधवारी संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा तिचा अंगठा सुजला होता आणि ती गाणं गुणगुणत होती. सासूबाईंनी सुजलेला अंगठा बघितला आणि गरम पाणी दिलं.

गुरुवारी दुपारी बाहीवाली पहिला कोट हातात घेऊन खोलीच्या दारात आली. अठ्ठावीस वर्षांची, तोंडानं फटकळ. तिनं कोट अंगात घालून दाखवला. डावा हात ठीक. उजवा हात मात्र मागं वळत होता. बाहीचा खोल घेर पाठीकडे आणि उथळ घेर छातीकडे. हात पुढं घ्यावा तर पाठीत ओढ बसायची. कोट घातलेलं माणूस पाठीमागच्या कुणाला तरी "थांब" म्हणत असावं, असं ते दिसत होतं.

"ताई, दोन्ही बाह्या डाव्या आहेत," ती म्हणाली.

एकाच कोटाच्या असत्या तर गोष्ट वेगळी. उसवणीनं सगळा गठ्ठा उलगडला. ऐंशी बाह्या, आणि ऐंशीच्या ऐंशी डाव्या. दुसऱ्यांदा साचा ठेवताना तो पालथा करायला हवा होता. आठ थप्प्या, आणि आठही वेळा तीच चूक. उलटी बाजू वर घेऊन भागवावं म्हटलं तर कापड तिरप्या विणीचं, सुलटीवर रेघ उठून दिसायची आणि उलटीवर नाही. बाई कापड आधी दुहेरी दुमडायच्या, सुलटीवर सुलट ठेवून, म्हणजे एका आखणीत डावी आणि उजवी दोन्ही निघायची. पण ते दुमडणं व्हायचं सकाळी, कुणी यायच्या आत. काचेतून दिसायची ती फक्त कात्री. उसवणी मटकन स्टुलावर बसली आणि तिनं कपाळाला हात लावला.

ती त्या दिवशी घरी गेली नाही, सरळ थोरलीकडे गेली. थोरली भिंतीशीच बसली होती. उसवणीनं ऐंशी बाह्यांचं सांगितलं आणि रडू आवरेना. थोरलीनं सगळं ऐकलं आणि हसायला लागली. खोकला लागेपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली की वेडे, बाईंनी पहिल्याच वर्षी शाळेच्या सत्तर विजारी कापल्या होत्या, सगळ्यांचे पाय उजवे. मीच होते ना तिथं. दोघींनी मिळून ते कापड पिशव्यांसाठी वापरलं आणि सत्तर विजारी पुन्हा कापल्या. हा धंदा जो शिकला त्यानं हे एकदा केलेलंच असतं. उसवणी ऐकत राहिली. रडू थांबलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं की बाजूला ठेवलेल्या कापडातून उजव्या बाह्या काढल्या आणि वाया गेलेल्या बाह्यांतून खिसे-कॉलरी काढल्या तर? थोरलीनं हवेतच बोटांनी मापं घेतली. बहुतेक बसेल म्हणाली, शेवटच्या तीन-चारांना कमी पडेल. मग विचारलं, "मी येऊ का उद्या? दिसत नाही, पण कापड अंथरायला डोळे कशाला लागतात, हात लागतात."

शुक्रवारी सकाळी दोघी टेबलापाशी होत्या. थोरली तळहातानं कापड सपाट करायची, बोटांनी वीण चाचपून सुलट-उलट सांगायची, आणि ती एकदाही चुकली नाही. दुपारपर्यंत बातमी बाईंपर्यंत पोचली होती. कुणी पोचवली ते विचारू नका, एकवीस जणींच्या घरात बातमीला पाय फुटतातच.

बाई आल्या. सगळ्यांना वाटलं आता फुटणार. पण नाही. बाईंनी मशीन बंद करायला सांगितल्या, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि उसवणीच्या खांद्यावर हात ठेवला. आणि बोलल्या. चुकणाऱ्यालाच शिकता येतं, म्हणाल्या. पडायची भीती वाटते तो कधी उभा राहत नाही. हिनं धाडस केलं, हीच मोठी गोष्ट, निकाल काहीही असो. मला हिचा आज जेवढा अभिमान वाटतोय तेवढा कधीच वाटला नव्हता. पहिल्या ओळीतल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना रुमाल लावले. खुद्द उसवणीनंही. बोलणं संपलं, बाईंनी डावा हात पुढं केला, तळवा वर.

"आण ती किल्ली. मास्टर गुरुवारी येतायत, उरलेलं ते बघतील. तू मन लहान करू नकोस."

किल्ली उसवणीच्या गळ्यातच होती. तिचा हात सवयीनं वर गेलाही, अर्ध्यावर. आणि तिथंच थांबला.

"नाही देणार," ती म्हणाली.

बाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. उसवणीनं पुन्हा सांगितलं. शिवणघरात "नाही" हा शब्द बाईंसमोर कुणी उच्चारला नव्हता. तिथं तो शिकवलाच नव्हता. बाईंचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला बघून उसवणीला मनापासून वाईट वाटलं, हेही खरं. पण किल्लीवरची मूठ सैल झाली नाही.

"मी तुला उभं केलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"केलंत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण एकोणीस वर्षं तिथंच उभी आहे, बाई. एक पाऊल टाकू दिलं नाहीत. आत्ता म्हणालात चुकणाऱ्यालाच शिकता येतं, आणि तोंडातलं वाक्य संपायच्या आत कात्री मागताय. म्हणजे मी चुकायचं, तुम्ही त्यावर बोलायचं, आणि शिकायचं कुणी? मास्टरांनी?"

बाई काही बोलायला गेल्या, पण उसवणी आता थांबणार नव्हती. तिनं विचारलं की बाई, तुम्ही कापायला कशा शिकलात? शाळेच्या त्या सत्तर विजारी कुणी कापल्या होत्या? बाईंनी झटकन थोरलीकडे पाहिलं. थोरली टेबलाशी उभी होती, तोंड कापडाकडे, आणि तिला दिसत नव्हतं ते बरंच होतं.  मग बाई, सोमवारच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात म्हणाल्या, "मीच. सगळे पाय उजवे."

"मग तुमच्या हातून कात्री कुणी काढून घेतली?"

"कोण काढून घेणार? कापड माझं होतं."

बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. उसवणी नुसती मान हलवत राहिली.

"मला तेवढंच हवंय," ती म्हणाली. "माझ्या हातून नासलं तर ते मीच निस्तरायचं, आणि निस्तरेपर्यंत कुणी टेबलापासून हलवायचं नाही. टाळ्या नकोत. माझं कौतुक उद्यापासून बंद केलंत तरी चालेल. ही किल्ली मी देणार नाही. हाकलायचं असेल तर हाकला, पण मग या बाह्यांचं कोडं गुरुवारपर्यंत मास्टरांना तुम्ही समजावून सांगा."

बाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. गळ्यातला हात सावरत बाहेर गेल्या, आणि जाताना एक शब्द बोलल्या नाहीत. हे मात्र शिवणघरात पहिल्यांदाच झालं.  मग बाहीवालीनं आपली मशीन सुरू केली, आणि तिच्यामागून एकेक करत बाकीच्यांनीही.

चाळीस कोट वेळेत झाले. छत्तीस चोख झाले. चार कोटांना कापड पुरलं नाही, त्यांच्या उजव्या बाहीला कोपराखाली जोड द्यावा लागला. उसवणीनं तो लपवला नाही. गठ्ठा घेऊन ती स्वतः दवाखान्यात गेली आणि भांडाराच्या माणसाला ते चार कोट आधी काढून दाखवले. त्यानं ते परत केले. जोडाचे चालणार नाहीत म्हणाला, चार नवे करून द्या. तिनं नवं कापड आणून ते दिले. जोडाचे चार कोट शिवणघरात आले आणि कापताना अंगात घालायला उपयोगी पडले.

गुरुवारी मास्टर आले होते. बाई त्यांच्याशी फाटकापाशीच बोलल्या. काय बोलल्या ते आतून ऐकू आलं नाही. मास्टरांनी एकदा इमारतीकडे पाहिलं आणि परत गेले. पुढच्या सोमवारी बाई आल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि आपल्या टेबलाशी कागद बघत बसल्या. दहा मिनिटं सगळ्या वाट बघत होत्या. मग कळलं की आज काही नाही, आणि मशीन चालू झाल्या. काही जणींना चुकल्याचुकल्यासारखं झालं. उसवणीलाही झालं, एकोणीस वर्षांची सवय काही एका दिवसात जात नाही.

महिन्याभरानं शाळेच्या सदऱ्यांचं काम आलं. साठ सदरे, निळं कापड. थोरलीनं पहिले थर अंथरले. उसवणीनं बाहीवालीला हाक मारून आत बोलावलं आणि कात्री तिच्या हातात दिली. चिंध्यांवर सरावासाठी नाही. त्या निळ्या कापडासाठी.

बाहीवालीचा फटकळपणा कुठच्या कुठं पळाला. कात्री जड आहे म्हणाली. मग म्हणाली, ताई, तुम्हीच कापा, मी बघते.  मग ती पोर नुसती उसवणीच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि उसवणीनं ते बघणं ओळखलं. ती स्वतः असंच बघायची, बाईंकडे. आणि काय सांगू, तिच्या तोंडात वाक्यं तयार होती. तुझ्यात काय नाही. तू मनात आणलंस तर. एकापेक्षा एक सुंदर, पाठ झालेली, आणि ती बोलली असती तर पोरीचे डोळे भरून आले असते, तिनं कात्री खाली ठेवून हिला मिठी मारली असती, आणि दोघींना फार बरं वाटलं असतं. उसवणीला स्वतःचीच भीती वाटली. तिनं ओठ मिटून घेतले.

तिनं गळ्यातून किल्ली काढून दाराच्या खिळ्याला लटकवली, बाहेर आली, आणि बाहीवालीच्या रिकाम्या खुर्चीवर टेबलाकडे पाठ करून बसली. समोर आधीच्या कामातल्या बाह्यांचा गठ्ठा होता. चष्मा वर-खाली करत ती सुईचं भोक शोधायला लागली.

आतून कापड सरकवल्याचा आवाज आला. मग बाहीवालीनं विचारलं, "ताई, चुकलं तर?"

उसवणीनं मागं वळून पाहिलं नाही.

"चुकेलच," ती म्हणाली. "काप."